बांड्यासाठी आमिष

थिरझा : पाव? त्या बांड्याला, त्या काळ्या-पांढऱ्या अंडीचोर पाखराला तू सापळ्यात पाव घालणार? तो काय तळ्यावरचं बदक आहे?

आमोस : पांढरा पाव लांबून दिसतो.

थिरझा : लांबून दिसतो म्हणूनच तो लांब राहतो. खिडकी अजून उघड जरा. ओरडून सांगायला मला दम पुरत नाही.

आमोस : गार वारा आत येईल.

थिरझा : येऊ दे की. मला आता सर्दीनं काय व्हायचंय?

आमोस : घे, उघडली. बोल.

थिरझा : सशाची आतडी घातली होतीस, त्यांचं काय झालं?

आमोस : ससा हे थंडीतलं आमिष. जमीन गोठलेली असते तेव्हा बांडा पोटासाठी काहीही खातो. आता मे लागलाय. गांडुळं, किडे, सगळं कुरण त्याच्यापुढं ताटासारखं वाढलेलं. मांसाला आता घार येते, नाहीतर…

थिरझा : नाहीतर पाद्रीणबाईंचं मांजर.

आमोस : ते एकदाच झालं.

थिरझा : एकदाच! रविवारची सकाळ, सगळं गाव चर्चला निघालेलं, आणि हा वाकून सापळ्यातून मांजर काढतोय. मांजराच्या तोंडात माशाचं मुंडकं तसंच. त्या दिवशी बाईंनी प्रवचन कशावर दिलं, आठवतं?

आमोस : मोहावर.

थिरझा : मोहावर! अरे देवा. हसवू नकोस मला. इथं दुखतं.

आमोस : गोळी देऊ?

थिरझा : नको. गोळी घेतली की डोळा लागतो, आणि डोळा लागला की कुरण दिसत नाही. टिटवी बसलीय ना अंड्यांवर?

आमोस : बसलीय. गवतातून शेंडी दिसतेय तिची. नर गडग्यावर उभा आहे.

थिरझा : पाहिला मी. सकाळपासून त्याच दगडावर आहे. टिटवीचा नर म्हणजे नुसता पहारेकरी, घरात काडीचं काम नाही. आपल्याकडं होतं तसंच.

आमोस : मी पेज करतो आता.

थिरझा : करतोस. गुठळ्यांची.

आमोस : पहिली चार अंडी याच बांड्यांच्या जोडीनं नेली, थिरझा. एप्रिलात मी त्यांचं घरटं काठीनं पाडलं, त्याचा राग काढला म्हण. ही टिटवीची दुसरी वेळ. ही गेली तर या वर्षी परत नाही घालायची.

थिरझा : मी या घरात आले तेव्हा खालचं कुरण टिटव्यांनी भरलेलं असायचं. रात्री झोपू द्यायच्या नाहीत मेल्या. मी तुला म्हणायचे, बंदूक काढ आणि गप्प कर त्यांना.

आमोस : म्हणायचीस.

थिरझा : आता एक जोडी. ऐक. डॉक्टरांनी मला जेवढी मुदत दिलीय, साधारण तेवढीच तिला अंडी उबवायला लागते. आमच्या दोघींची शर्यत आहे. मला ती पिल्लं पळताना बघायचीत, आमोस. अंड्यातून बाहेर पडली की त्याच दिवशी पळतात ना, पाठीला कवचाचा तुकडा चिकटलेला असतो तरी? तेवढं बघते, मग कुठंही न्या मला.

आमोस : बघशील.

थिरझा : पाव घालून?

आमोस : पाव, ससा, अंडं, ही सगळी दोन नंबरची आमिषं. या महिन्यात एक नंबरचं आमिष एकच…

थिरझा : नको.

आमोस : मी अजून बोललोच नाही.

थिरझा : जन्मभर ऐकलंय ते. जिवंत बांडा आणायचा, लांबच्या गावचा, परका. त्याला सापळ्याच्या एका खणात कोंडायचं. आपल्या हद्दीत कोण उपटसुंभ आला म्हणून इथली जोडी खवळून येते, शेजारच्या खणातल्या फसव्या दांडीवर उतरते, दांडी मोडते, दार धाडकन बंद.

आमोस : भूक भागते. राग भागत नाही. म्हणून राग हे चांगलं आमिष.

थिरझा : असेल. पण माझ्या खिडकीखाली एकटं पाखरू दिवसभर तारेवर चोच आपटत बसलेलं मला नको. तसं बसायला मी पुरेशी आहे.

आमोस : त्याला पाणी ठेवतो आपण, दाणा ठेवतो, वाऱ्याला आडोसा करतो. रोज जाऊन बघतो.

थिरझा : मलाही ठेवतोस. मलाही बघतोस.

आमोस : पाव काढून टाकतो मग.

थिरझा : बरं, तोंड नको पाडूस. अंडं लाव. माझं, रंगवलेलं खोटं अंडं. जिन्याखालचा डबा आण, त्यात एखादं प्लॅस्टरचं कोरं राहिलं असेल. आणि चहाचा चोथा आण, बुटाचं काळं पॉलिश आण.

आमोस : तू आता रंगवणार? हात बघ कसा थरथरतोय.

थिरझा : टिटवीचं अंडं बघितलंयस ना इतकी वर्षं? थरथरत्या हातानं शिंतोडे उडवल्यासारखंच असतं ते. उलट आत्ता कुठं माझा हात त्यात बसलाय. आण डबा.

आमोस : शेजारी एक खरं फोडून ठेवतो. पिवळं दिसायला हवं.

थिरझा : ठेव. खरं रात्रीत उंदीर नेईल. माझं राहील.

*

बेस : काकू, आता सुई टोचतेय हं. एक बारीकशी…

थिरझा : बेस, तू शाळेत असताना मी तुझ्या गुडघ्यातले खडे सुईनं काढलेत. आता नर्स झालीस म्हणून मला काय समजावतेस!

बेस : तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, दुखणार नाही. आणि दुखलं होतं.

थिरझा : मग आता फेड कर. बाहेर कसला कालवा चाललाय?

आमोस : लागली! थिरझा, लागली! मादी आहे.

बेस : काका, बूट! बूट बाहेर काढा, चिखल आणलात सगळा.

थिरझा : राहू दे गं. मादी कशावरून?

आमोस : अंगानं लहान, हाताला हलकी. तुझ्याच अंड्याला आली. फुटक्या अंड्याकडं बघितलंसुद्धा नाही. सबंध दिसलं ते उचलायला उतरली आणि दांडी गेली.

थिरझा : बघ. मी म्हटलं नव्हतं?

बेस : कुठंय? अगं बाई, ती काय. कसली निळी चमक आहे शेपटीला! उन्हात हिरवीपण दिसते. आणि एकटीच. थांबा हं… राम राम साहेब! बाईसाहेब बऱ्या आहेत ना घरी?

थिरझा : बेस, पिंजऱ्यात आहेत त्याच बाईसाहेब. साहेब तिकडं ॲशच्या झाडाच्या शेंड्यावर बसलेत. त्यांना विचार.

बेस : मी काय सगळ्यांनाच विचारते. एकटा बांडा दिसला की सलाम ठोकून बायकोची चौकशी करायची. आमची आजी म्हणायची, न विचारता पुढं गेलं की त्या घरात…

थिरझा : बोल की. त्या घरात काय?

बेस : काही नाही, काकू.

थिरझा : झालंय ते, पोरी. आता निवांत विचार. हा बघ ना, हा रोज टोपी काढतो त्याच्यापुढं. आधी टोपी काढणार, बायकोची खुशाली विचारणार, आणि मग मान मोडणार.

आमोस : रीत ती रीत. काम ते काम.

थिरझा : मग आता हिचं काय? करून टाक लवकर. इथं उभं राहून दाखवू नकोस मला.

आमोस : पहिलं लागलेलं पाखरू मारायचं नसतं.

थिरझा : म्हणजे?

आमोस : म्हणजे आता तीच आमिष. नर राहिलाय अजून. तो अंड्याला यायचा नाही, पावाला यायचा नाही. पण हिला येईल.

बेस : पण काका, परकं पाखरू लागतं म्हणता ना? राग यायला?

आमोस : परकं बघून रागानं येतात. आपलंच बघून…

बेस : कशानं येतात?

आमोस : ते मला माहीत नाही. पण येतात.

थिरझा : म्हणजे मी नको म्हटलं तेच झालं. माझ्याच अंड्यानं झालं.

आमोस : तू म्हणशील तर मी आत्ता, गोठ्यामागं नेऊन…

थिरझा : आणि मग तो नर एकटा राहील. चार दिवसांत दुसरी आणील, मग परत दोघं कुरणात उतरतील. तूच सांगितलंयस.

आमोस : बांड्याला दुसरी मिळायला वेळ लागत नाही.

थिरझा : काही जणांचं बरं असतं. टिटवीचे किती दिवस झाले?

आमोस : निम्म्याच्या वर गेली असेल ती.

थिरझा : मीही. ठेव तिला. पण माझ्या नजरेसमोर ठेव, घरामागं नको. कोंडायचंच असेल तर निदान बघणारं कुणी हवं.

*

आमोस : आणखी एक घास.

थिरझा : गुठळी आहे.

आमोस : एकच आहे. गीळ.

थिरझा : आमोस, तू काल दिवसभर गावात होतास ना, औषधाला. तुला एक सांगायचंय. हसायचं नाही.

आमोस : कधी हसलो?

थिरझा : तेही खरं. तो नर येतो. सापळ्यावर बसतो. अगदी वर, तिच्या डोक्यावर. दांडीला पाय लावत नाही.

आमोस : शहाणा झाला. एकदा बायको अडकलेली बघितली ना.

थिरझा : ऐक तर. काल मी दुपारभर बघितलं. तो उडून जातो, मेंढ्यांच्या कुरणात उतरतो, चोचीत काहीतरी घेऊन येतो, गांडूळ म्हण, अळी म्हण. आणि तारेतून तिला भरवतो.

आमोस : भरवतो?

थिरझा : ती पिल्लासारखी पंख थरथरवते आणि तोंड उघडते. परत जातो, परत येतो. दिवसभर तेवढंच.

आमोस : अंडी उबवणाऱ्या मादीला भरवतात ते. पण पिंजऱ्यातल्या… मी असं कधी बघितलं नाही.

थिरझा : कारण तू कधी बसून बघितलंच नाहीस. सापळा बघायला जायचास, बघून यायचास. मला पलंगावरून दुसरं काय काम आहे? आणि पुढची गंमत ऐक. टिटवीकडं तो एकदासुद्धा फिरकला नाही. तिला सोडून लांब जायला त्याला वेळच नाही.

आमोस : म्हणजे आत येत नाही, आणि अंड्यांनाही जात नाही.

थिरझा : म्हणजे तुला त्याला पकडायची गरजच नाही, म्हाताऱ्या. ती तिथं आहे तोवर तो तिथं आहे. दुसऱ्या खणाचं दार बांधून टाक. एवढं गुणाचं आमिष आजवर लावलं नसशील.

आमोस : घास घे.

थिरझा : तोच भरवतो म्हणून तू पण? बरं, दे. अरे, तू रडतोयस का?

आमोस : पेजेची वाफ आहे.

थिरझा : गार पेजेला कसली वाफ! आमोस, एक वचन दे. पिल्लं पळाली की त्या दिवशी तिला सोडायचं. मारायचं नाही. दार उघडायचं आणि सोडायचं.

आमोस : मी रानातल्या पाखरांचा राखणदार आहे, थिरझा. धरलेला बांडा सोडणारा राखणदार सगळ्या यॉर्कशरात सापडायचा नाही.

थिरझा : तू निवृत्त राखणदार आहेस. आणि कुणाला सांगायला जातोयस?

आमोस : पुढच्या वर्षी दोघं मिळून परत हेच करतील.

थिरझा : पुढच्या वर्षी तुला काहीतरी काम राहील. नाहीतर त्या खुर्चीत बसून भिंतीकडं बघत बसशील. मला माहितीयस तू. मी गेल्यावर तुला घराबाहेर काढायला कुणी काय घालावं रे? पाव? ससा?

आमोस : मी कशालाही यायचो नाही.

थिरझा : खोटं. बेकन. खमंग भाजलेलं बेकन. आणि तेवढ्यानं नाही आलास तर चार रागाचे शब्द. भूक भागते, राग भागत नाही. कोण म्हणालं होतं?

आमोस : मी.

थिरझा : वचन?

आमोस : दिलं.

*

बेस : काका, इकडं या जरा. दाराबाहेर. हळू बोला.

आमोस : झोपलीय?

बेस : झोप आणि जाग याच्या मधे आहे. तासांचंच राहिलंय आता. आज लांब कुठं जाऊ नका. मी आहेच.

आमोस : सकाळपासून तीनदा विचारलं तिनं, पिल्लं आली का.

बेस : आणि?

आमोस : पहाटे गुडघ्यावर जाऊन बघून आलो. टिटवी ओरडत उठली, तेव्हा अंडी उचलून बघितली. अंड्यांना चीरसुद्धा नाही अजून. कानाला लावलं तर आत चोच वाजल्यासारखी वाटते. उद्या. नाहीतर परवा.

बेस : काकूंकडं परवा नाहीये, काका.

आमोस : मान उचलता येते तिला? खिडकीतून दिसतं?

बेस : छताशिवाय काही दिसत नसेल. पण ऐकू सगळं येतं. शेवटपर्यंत येतं.

आमोस : बरं.

बेस : काय करताय? काका?

आमोस : थिरझा. ए थिरझा. जागी आहेस?

थिरझा : …आलीत?

आमोस : आलीत.

थिरझा : खरंच?

आमोस : आत्ता बघून आलो. चारी.

थिरझा : चारी. जिंकले मी.

आमोस : जिंकलीस.

थिरझा : मग जा. सोड तिला.

आमोस : आत्ता?

थिरझा : वचन दिलंयस. मला दाराचा आवाज ऐकू दे.

आमोस : संध्याकाळी सोडतो. जरा स्थिरावू देत पिल्लं.

थिरझा : मी संध्याकाळी… आत्ता, आमोस.

बेस : काका, थांबा. अंडी तर…

आमोस : बेस, तू तिच्याजवळ बस. मी आलोच.

थिरझा : बेस, काय झालं गं?

बेस : काही नाही, काकू. काका सापळ्याकडं गेलेत. आता वाकले. कडी काढली… ऐकलंत?

थिरझा : ऐकलं. ती स्प्रिंग. तेल घाल म्हणून दहादा सांगितलं.

बेस : गेली, काकू. सरळ ॲशवर गेली. तो आला तिच्याजवळ. दोघं खेटून बसलेत.

थिरझा : आता… चौकशी करायला नको.

बेस : नको, काकू. दोघं आहेत.

आमोस : आलो. हात दे इकडं. गार पडलाय.

थिरझा : तूच गार आहेस. बस. तुला कुरण दिसतंय ना तिथून? सांग मला.

आमोस : काय सांगू?

थिरझा : सगळं. पिल्लं कुठं आहेत?

आमोस : गडग्याच्या खाली. ओल्या जागी. पळतायत. काड्यांसारखे पाय. दोन पावलं पळतात आणि थबकतात. पुन्हा पळतात.

थिरझा : पाठीला कवच?

आमोस : एकाच्या आहे. तपकिरी तुकडा. झटकतंय, पडत नाही.

थिरझा : आई?

आमोस : आई… मधे उभी आहे. एकेकाला पंखाखाली घेतेय.

बेस : काका, बाहेर ते…

आमोस : बेस, उशी वर कर तिची. खिडकीकडं बघू नकोस. उशी.

थिरझा : टिटव्या ओरडतायत. एवढ्या का ओरडतायत?

आमोस : पिल्लांना हाका मारतायत.

थिरझा : दोघं ओरडतायत.

आमोस : दोघंही. नर वर झेपावतोय, खाली येतोय, परत वर. पिल्लांना दाखवतोय बघ कसं उडायचं ते.

थिरझा : पिल्लं एवढी लहान… आत्ता कशी उडतील?

आमोस : त्याला कुठं कळतंय. पहारेकरी तो. घरातलं काम माहीत नाही.

थिरझा : वेडा. तुझ्यासारखा. आता गप्प झाली.

आमोस : हो. गप्प झाली.

थिरझा : चारी आहेत ना? मोज.

आमोस : एक. दोन. तीन. आणि ते मागं राहिलेलं. चार.

थिरझा : कवचवालं.

आमोस : कवचवालं. पडलं बघ. आत्ता पडलं कवच.

थिरझा : हात… सोडू नकोस.

आमोस : नाही सोडत.

*

(पुरून आल्यावरची दुपार. खोलीतला पलंग नेलेला आहे; खिडकी उघडीच आहे.)

बेस : काका, दार उघडं टाकून एकटेच काय बसलाय? सगळे तिकडं चर्चच्या हॉलमधे चहा पितायत. पाद्रीणबाई तुमची चौकशी करत होत्या. मांजरसुद्धा आलंय.

आमोस : त्याला सांग, आता सापळा नाही.

बेस : तो गोठ्यात नेऊन ठेवलाय मी. दांडी सोडून. तुम्ही जेवलात का?

आमोस : बेस, त्या दिवशी तू खिडकीकडं बघितलंस.

बेस : तुम्ही नको म्हणालात.

आमोस : बघितलंस.

बेस : बघितलं. पहिलं अंडं त्या नरानंच उचललं. मग तीही आली. टिटव्या वरून झडप मारत होत्या, पण ती दोघं होती. काका, एक विचारू? रागावू नका.

आमोस : विचार.

बेस : गडगा तर हा इथं आहे. खिडकीतून नुसता हात झटकून ओरडला असतात तरी उडून गेले असते. किंवा मला सांगायचंत, मी धावले असते. चार अंडी होती. शेवटची.

आमोस : मी ओरडलो असतो तर तिला कळलं असतं. तुला पाठवलं असतं तरी कळलं असतं. आणि मी उठलो असतो तर हात सोडावा लागला असता.

बेस : हं.

आमोस : सगळी हयात मी त्याच कुरणात बांडे धरले, बेस. एक दिवस धरला नाही.

बेस : टिटव्या?

आमोस : गेल्या. कालपासून दिसत नाहीत. कवचं तेवढी पडली होती गवतात. उचलून आणणार होतो, मग म्हटलं राहू देत.

बेस : आणि काकूंचं ते रंगवलेलं अंडं? मी सापळा उचलला तेव्हा आत नव्हतं.

आमोस : तिच्या हातात दिलं. पेटी बंद व्हायच्या आधी. ती शर्यत हरली हे तिला कळायला नको कुठं.

बेस : चला, काका. उठा. आईनं बेकन भाजलंय. खमंग. घरापर्यंत वास येतोय.

आमोस : बेकन?

बेस : बेकन.

आमोस : तिनं सांगितलं तुला.

बेस : सांगितलं. आणि म्हणाल्या, बेकनला नाही आला तर चिडून बोल. मला चिडून बोलता येत नाही हो तुमच्याशी. पण आता मी बोलणार हं. तीन दिवस झाले, ना दाढी, ना आंघोळ, अख्खं गाव काकूंसाठी तिथं जमलंय आणि तुम्ही इथं बसून…

आमोस : उठलो. उठलो गं बाई. टोपी कुठंय माझी?

बेस : ही घ्या. सांभाळून, पायरी ओली आहे. काका, ते बघा गडग्यावर. बांडे. टोपीला हात लावू नका, दोघं आहेत.

आमोस : दोघं आहेत. एकटा मी आहे. टोपी आता त्यांनी काढायची.